पाच सुताचा पाना

मांडगावच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगापलीकडे
कय्यूमचाचा पोत्यावर लोखंड मांडतो :
वखराची पास, सायकलच्या चेना, बिनदांड्याचे हातोडे
आणि एका फुटक्या घमेल्यात पाने.
किलोवर देतो.
मी उकिडवी बसते.
बाया वळून पाहतात. पाहू द्या.

चकाकी आधी बघायची नाही.
झिंगरूकाका सांगायचे – जिनिंगात फिटर, एकतीस हंगाम,
डाव्या हाताला साडेतीन बोटं –
"चमकते त्याले नखानं खरवड.
पापुद्रा निघाला का ठेवून दे.
कल्हई भांड्याले असते पोरी, पान्याले नाही."

मग कड. अंगठा सावकाश फिरवायचा,
गाईच्या पाठीवर गोचीड शोधावी तसा.
बारीक, उठलेली रेघ लागली
तर माल ओतीव :
ताण पडला की शिळ्या भाकरीसारखा मोडणार,
आतून खरबरीत, करडा.
रुंद, घासलेली पट्टी लागली
तर तो घणाखालून आलेला आहे.

सुतळीला टांगून दुसऱ्या पान्यानं टिचकी मारते.
बद्द.
बद्द.
तिसरा मात्र वाजतो, आणि वाजत राहतो,
पलीकडची लसूणवाली मान वर करते.
मडकं घेताना नाही का वाजवत आपण?

काळा. बिननावाचा.
कंपनी नाही, गाव नाही,
नुसतं ५/८, त्यातला आठ कललेला.
मधे कोणीतरी पंचानं तीन ठिपके मारलेत.
कोणाचा असेल? कुठल्या जिनातला?
आता मालकही नाही आणि जिनही नाही,
ठिपके तेवढे जागेवर.

काका म्हणायचे, "एकाच भट्टीतून दोन माल निघे.
एकाले नाव, पॉलिश, मखमलीची पेटी.
दुसरा तसाच काळा, आपल्याकडे धाडत.
घण तोच, पोलाद तेच,
फक्त आंघोळ घातली नाही."
मी खूश झाले तेव्हा.
माझं नाव अंतकला,
चार बहिणींनंतर 'आता पुरे' म्हणून ठेवलेलं.
काकांनी ओळखलं असणार. लगेच म्हणाले,
"पन बिननावाचं सगळंच चांगलं नसते, येडे.
निम्मा कचराच असते.
म्हणून तं अंगठा देल्ला देवानं."

जबडा राहिला.
पिशवीतला कोरा बोल्ट काढून बसवते.
आत बसतो, हलत नाही,
विडीचा कागद शिरेल इतकीच फट.
घमेल्यातल्या दुसऱ्याचा जबडा फाकलेला :
कोणीतरी दांड्याला पाइप चढवून
अंगातलं सगळं बळ काढलं असेल.
दोष पान्याचा नाही, घाईचा.
तरी तो घ्यायचा नाही.

चाचा तराजू उचलतो, मग खाली ठेवतो.
"तू इतका वाजवला, आता किलोवर कसा देऊ?
साठ."
चाळीसवर तुटतं. वर एक फाकलेला फुकट देऊ करतो.
नको म्हणते.

संध्याकाळी नाही, दुसऱ्याच दिवशी
पुंडलिक हिवरकरांच्या विहिरीवर
पंपाचा फ्लॅंज, नऊ वर्षं न हललेला.
रॉकेल सोडलं. थांबायचं होतं तासभर.
लाइट जायची वेळ झालेली, संत्र्याची झाडं सुकलेली,
हिवरकर काठावरून घड्याळ पाहतात.
पाना लावला. धरला त्यानं,
कोपरा न सोडता, दातांत दाबावं तसा.
मी पाय टेकवून ओढलं.

कट्.

बोल्ट तुटला. पाना नाही.
जबडा पाहिला, कोरा बोल्ट लावून पाहिला :
तेवढीच फट.
आता तुटका तुकडा आत, आणि दिवसभर ड्रिल.

"घाई केली तुम्ही," हिवरकर म्हणाले.
मी पान्यावरचं तेल पदराला पुसलं.
खरंच होतं ते.